तोरणाखालची मोकळी जागा

२७ जुलै, रविवार

आज ग्रामपंचायतीत माझ्या अनुपस्थितीत माझे नाव ठरले. ते बरेच झाले. समोर असते तर नकार देण्याइतका आवाज माझ्या गळ्यातून निघाला नसता, आणि होकार देण्याइतकाही नसता.

आमच्या पळसोडीतून आजवर जे जे सैन्यात गेले, त्या सर्वांच्या नावांचा एक दगडी स्तंभ पोळ्याच्या मैदानावर उभा राहणार आहे. नावे गोळा करणे, तपासणे आणि दगडावर कोरायचा मजकूर लिहिणे हे काम माझ्याकडे आले आहे. सरपंच बंडूजी बाबांना म्हणाले म्हणे, “मधुकरराव, तुमची पोरगी इतिहासात विद्यापीठात पयली आली, पेपरात फोटो आला. तिले नाई सांगाव तं कोनाले सांगाव?” बाबांनी घरी येऊन हे वाक्य आईला दोनदा ऐकवले. मी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. मी मान वर केली नाही, पण माझी जुडी सैल बांधली गेली हे आईने पाहिले.

स्तंभाचे अनावरण पोळ्याच्या दिवशी व्हायचे आहे. कोणी पंधरा ऑगस्ट सुचवला होता. पण पुण्या-नागपुराला कामाला गेलेली माणसे पोळ्यालाच गावी येतात, म्हणून तोच दिवस ठरला.

माझ्या वहीत मी तीन रकाने आखले आहेत: नाव, सेवेचा काळ, पुरावा. लेखी पुराव्यावाचून एकही नाव घ्यायचे नाही, हा नियम मी स्वतः घातला आहे. आपल्या गावाचा इतिहास पहिल्यांदाच कोणी नीट लिहीत आहे. तो ऐकीव गोष्टींवर उभा राहता कामा नये.

३० जुलै, बुधवार

घरोघर जाणे हे माझ्यासारखीला दिव्यच आहे. दारात उभे राहून ‘कोणी आहे का’ हे शब्द मी मनात जुळवते, आणि तेवढ्यात कुत्रे भुंकून माझे काम करून टाकते. तरीही सहा नावे मिळाली. प्रत्येकाची सेवापुस्तिका, नाहीतर निवृत्तिवेतनाचे कागद पाहिले. एका घरी पदक पिठाच्या डब्यात सापडले. मुंग्या लागू नयेत म्हणून ठेवले होते, असे घरच्या बाईंनी सांगितले. पदकाला मुंग्या का लागतील, हे विचारायचे राहून गेले.

सातवे नाव रजत बोबडे याचे. तो सध्या सुट्टीवर आला आहे. त्याने ओळखपत्र दाखवले. संध्याकाळी पुन्हा आला आणि जन्मतारीख बरोबर लिहिली का, असे विचारून गेला. स्तंभावर जन्मतारखा नाहीत हे मी त्याला सकाळीच सांगितले होते. सैन्यातली माणसे तपशिलाच्या बाबतीत इतकी काटेकोर असतात, हे पाहून आदर वाटला.

३ ऑगस्ट, रविवार

नदीकडच्या जुन्या गावठाणात आता मडाव्यांचे एकच घर उरले आहे. बाकीची घरे पुरानंतर वर सरकली. तिथे कौशल्याबाई एकट्या राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे असावे. अंगणात बसून त्या अंबाडीच्या वाखाचे दावे वळत होत्या. मांडीवर वाख फिरवताना त्यांचा हात इतका सरावाने चालत होता की मला माझे विचारणे लांबवावेसे वाटले.

त्यांनीच विषय काढला. “तू मधुकरची पोरगी नं? फौजवाल्यायचे नावं लिहून राह्यली म्हणे. मंग माह्या मामाजीचं लिहिलं का?”

मामाजी म्हणजे त्यांचे सासरे, तानबा मडावी. मोठ्या लढाईच्या वेळी भरती झाले, बर्माकडे गेले, परत आले नाहीत. तेव्हा त्यांचा मुलगा, म्हणजे कौशल्याबाईंचे यजमान, पाळण्यात होता.

“काही कागद आहे का, आजी? पत्र, तार, काहीही?”

“आला असंन. वाचणारं कोन होतं त्या वक्ती? माही सासू म्हने, मानूसच नाई आला तं कागद कायले ठेवाचा.”

“छायाचित्र?”

“फोटो काढाले वर्ध्याले जा लागे बाप्पा.” मग त्या दावे बाजूला ठेवून म्हणाल्या, “आमी या गावाचे पुढचे आहो, पोरी. चांद्याच्या गोंड राजानं नदीच्या उतारावर पहाऱ्याले बसोलं तवापासून आमी फौजीच. आमच्या मांगून गाव आलं.”

प्रत्येक घराण्याला आपण पुढचे आहोत असे वाटते. हा मानवी स्वभाव आहे. मी नम्रपणे ऐकून घेतले, आणि कागदाविना नाव घेता येत नाही हे शक्य तितक्या हळुवारपणे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. फक्त दावे पुन्हा उचलले.

गोठ्यात जनावर नव्हते, पण दोन खुंटे होते. त्यांतल्या एकाला नवे कोरे दावे बांधलेले होते. दुसऱ्यासाठी त्या वळत असाव्यात. मला वाटले, म्हातारपणी हाच त्यांचा व्यवसाय असेल. त्यांचे मन राखावे म्हणून विचारले, “केवढ्याला देता? बाबांना एक हवे आहे.”

त्या हसल्या. “हे इकाचं नाई, बाई.”

६ ऑगस्ट, बुधवार

पोळ्याच्या तयारीची बैठक झाली. मी कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. स्तंभाचा ओटा मैदानात, पोळ्यासाठी बांधायच्या आंब्याच्या पानांच्या तोरणासमोर, बैल उभे राहतात त्या बाजूला येणार असल्यामुळे बैलजोड्यांच्या रांगेला जागा अपुरी पडते आहे. बंडूजींनी तोडगा काढला. आमच्या गावी तोरणाखाली सर्वांत पुढे एका जोडीइतकी जागा मोकळी सोडतात. तिला नंदीची जागा म्हणतात. अण्णाजी पाटलांची मानाची जोडी त्या मोकळ्या जागेच्या मागे उभी राहते आणि तिच्या मागे बाकीचे. ती जागा या वर्षी भरून काढावी, म्हणजे सारी रांग पुढे सरकेल.

“नंदी काय भांडाले येऊन राह्यला का?” बंडूजी म्हणाले. सगळे हसले.

अण्णाजी हसले नाहीत. “ते जागा सोडाची असते.”

“काऊन पन?”

“सोडाची असते.”

“अण्णाजी, तुमाले तं पुढंच सरकाचं आहे. तोरणाच्या अगदी बुडाशी. त्यात का तोटा?”

“मी नाई सरकत,” अण्णाजी म्हणाले, आणि चहाचा कप खाली ठेवून निघून गेले.

मला बंडूजींचे म्हणणे तर्काला धरून वाटले. एका अदृश्य नंदीसाठी सैनिकांच्या स्तंभाची अडवणूक व्हावी, हे योग्य नाही. अण्णाजींना मानाचा अहंकार असावा. हे मी अर्थातच बोलले नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

रजत आज आदेशसाठी राखी विचारायला आला. आदेश माझा धाकटा भाऊ. त्याला राखी मी बांधते हे रजतला ठाऊक आहे. तेव्हा तो नेमके काय विचारत होता ते समजले नाही. मग त्याने माझी वही पाहिली आणि तानबा मडावी या नावावर मारलेल्या रेघेवर बोट ठेवले.

“हे काऊन खोडलं?”

मी पुराव्याचा नियम समजावून सांगितला.

त्याने वही मिटून माझ्या हाती दिली. “कागद वापस येनाऱ्याजवळ असते, अपेक्षा. जो गेला तो गेलाच, त्याचे कागद कोन आनून देईन? तुह्या नियमानं तं फक्त वाचलेलेच फौजी ठरते.”

नियम चुकीचा नाही. परंतु ज्या स्तंभावर वीरगती मिळालेल्यांसाठी वेगळी ओळ ठेवली आहे, त्या ओळीखाली माझ्याकडे एकही नाव नाही, हेही खरे आहे. यादी सोळा तारखेला आर्वीच्या कारागिराकडे द्यायची आहे. दगडावर एकदा कोरले की मग गाव तेवढेच वाचणार.

१२ ऑगस्ट, मंगळवार

काहीतरी हाती लागले आहे.

स्तंभाच्या मागच्या बाजूला गावाच्या वसाहतीविषयी चार ओळी हव्या होत्या. कशावरून लिहाव्यात हे सुचत नव्हते. बाबा ओसरीत बैलांच्या कपाळावर बांधायच्या मठाट्या काढून त्यांचे गोंडे पुसत होते. मी सहज विचारले, “बाबा, पोळ्याच्या रांगेत आपण इतके मागे का असतो?”

“आपले आजे-पंजे मांगून आले नं. जो पयले आला तो पयले. बावन्यायचं घर आपल्या आंधी, म्हनून आपल्या पुढं. बोबडे त्यायच्या आंधी.”

म्हणजे पोळ्याची रांग हा गावाच्या वसाहतीचा क्रम आहे. दरवर्षी सारे गाव मैदानात येऊन आपला इतिहास बैलांनिशी उभा करते, आणि मी तो पुस्तकांत शोधत होते! मी वहीत रांग मांडली. जुन्या गावठाणात ज्यांची जोती अजून दिसतात ती घरे रांगेत पुढे आहेत. वरच्या वस्तीची मागे. सगळे जुळले. फक्त एक घर रांगेत कुठेच नाही, आणि ते नदीच्या सर्वांत जवळचे, सर्वांत जुने.

“मडावी कुठे उभे राहतात?”

“त्यायच्याजवळ बैल कुठं आहे आता?”

“होते तेव्हा कुठे राहत?”

बाबांचा हात गोंड्यावर थांबला. “ते मले नाई मालूम. माह्या समजीत तं ते कधीच नाई आले.” मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, “पन बैल दरसाली पुढं ओढते, अन आमी मांगं धरतो. हे माह्या बापानं शिकोलं. कोनासाठी धरतो, हे नाई शिकोलं.”

१३ ऑगस्ट, बुधवार

सकाळीच नदीकडे गेले. आता दोन्ही खुंट्यांना नवी दावी होती.

मी विचारले तेव्हा कौशल्याबाईंनी सगळे सांगितले, जसे कोणी रोजच्या भाजीबद्दल सांगावे. पोळ्याची पहिली जागा मडाव्यांची. तानबा गेले तेव्हा घरात बैल धरून नेणारे कोणी नव्हते. त्या वेळच्या पाटलाने दारात येऊन शब्द दिला की तानबा येईपर्यंत त्याच्या जागेवर कोणी उभे राहणार नाही. बैल पुढे म्हातारे होऊन मेले, पण सासूने दरवर्षी श्रावणात दोन दावी वळली. माणूस परत आला आणि त्याला खुंटा रिकामा दिसला तर काय वाटेल, असे ती म्हणे. सासूच्या मागे सुनेने वळली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक घरी बैलांना उद्याच्या जेवणाचे आवतन देतात, तसे याही घरी त्या रिकाम्या खुंट्यांना देतात. दुसऱ्या दिवशी दारात ताट लावून ठेवतात. मी लहानपणापासून ते ताट पाहत आले आहे. मला वाटायचे, पोळ्याहून बैल फिरत सगळ्यांच्या दारी येतात तसे यांच्याकडेही येत असतील, थोडे उशिरा.

“आजी, तुम्ही हे कोणाला सांगितले का नाही?”

“सांगतलं नं तुले. पुढचे आहो म्हनलं. तुनं कागद मांगतला.”

मी परत येताना बांधावर बसून राहिले. आई शोधत आली. तिने पदराने माझे तोंड पुसले आणि म्हणाली, “परवा ग्रामसभा आहे. तिथं बोलजो.”

१५ ऑगस्ट, शुक्रवार

बोलले.

नीट क्रमाने लिहिते. झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात सभा भरली. मी चार पाने लिहून नेली होती. बंडूजींनी माझ्यापुढे ध्वनिक्षेपक धरला. “बोल, पोरी.” मी पानावरची नजर न काढता वाचू लागले: ‘प्रस्तुत गावाच्या वसाहतीचा क्रम निश्चित करताना पोळ्यातील परंपरागत क्रम हे साधन विचारात घेणे अगत्याचे ठरते.’

मागून कोणीतरी म्हणाले, “बातम्या लागल्या रे, आवाज वाढव.” सगळे पटांगण हसले. कौशल्याबाई बायकांच्या मागे कडेला बसल्या होत्या; त्याही हसल्या. माझे पान घामाने ओले झाले होते, अक्षरे पसरली होती. पुढची ओळ मला खरोखरच वाचता येईना.

मग जे झाले ते मी ठरवलेले नव्हते. मी घरात जशी बोलते तशी बोलले.

“माहा बाप दरसाली बैल मांगं धरते. तुमीबी सारे धरता. बैल पुढं जातो म्हनते, अन तुमी त्याले जाऊ देत नाई. कोनासाठी? नंदीसाठी असन तं नंदीच्या देवळात जागा आहे, तिथं काऊन नाई सोडत? ते जागा तानबा मडावीची आहे. तो लढाईवर गेला अन तुमच्या आज्यायनं त्याची वाट पाहिली. तुमी अजून पाहून राह्यले, फक्त कोनाची ते इसरले. मी त्याचं नाव खोडलं, कारन कागद नवता. पन साऱ्या गावानं एवढे वर्षं पाय मांगं घेतले, याच्यापरीस मोठा कागद मले मालूम नाई.”

मला वाटले आता अण्णाजी उठून जातील. ते उठले. पण जाण्यासाठी नाही.

“पोरगी बरोबर बोलून राह्यली,” ते म्हणाले. “शब्द माह्या आज्यानं देल्ला होता. माह्या बापानं मले सांगतलं, मांगं राहाचं. लोकायनं नंदी म्हनलं, आमी म्हनू देल्लं. पुढं कोनी नसलं का मांगचा मानूस पयला दिसते. पयलं म्हनून घेनं कोनाले वाईट लागते?” त्यांनी कौशल्याबाईंकडे पाहिले. “पन जागा सोडली. एकबी साल चुकवलं नाई.”

बंडूजींनी डोके खाजवले. “मंग आता असं करू. ते जागा कौशल्याबाईले देऊ. कोनाची तरी जोडी त्यायच्या नावानं उभी करू.”

“नाई,” कौशल्याबाई मागूनच म्हणाल्या. त्यांना ध्वनिक्षेपकाची गरज पडली नाही. “मोकळीच राहू द्या. भरली का लोकं इसरतेत. ते पोरीचा गोटा तेवढा बाजूनं सरकवा.”

स्तंभ मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाजवळ घ्यायचे ठरले. ठराव लिहिला गेला. वीरगतीच्या ओळीखाली नाव: तानबा मडावी. सूचक म्हणून अण्णाजींनी आणि अनुमोदक म्हणून बाबांनी सही केली. बाबांनी इतकी मोठी सही पूर्वी कधी केली नव्हती. खालच्या माणसाला जागा उरली नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकून आम्ही आवतन दिले: आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मग आई म्हणाली, “चाल.” आम्ही दोघी नदीकडे गेलो. गावातल्या आणखी काही बायका तिथे आधीच पोहोचल्या होत्या. कौशल्याबाईंनी दोन्ही खुंट्यांना हळद लावली. आवतन त्यांनी एकटीनेच म्हटले. आम्ही उभ्या राहिलो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

आज मैदानात माणसे मावत नव्हती. स्तंभाचे अनावरण सरपंचांनी केले, आणि रजतने गणवेशात सलामी दिली. तो तीन दिवसांनी आपल्या तुकडीवर परत जाणार आहे. सलामीनंतर त्याने मला तिकडचा पत्ता लिहून दिला. पुस्तके वाचायला आवडतात म्हणाला; कोणती, हे विचारले तर म्हणाला, “तू वाचते ते.” यादी करून पाठवावी लागेल.

जोड्या लागल्या. बाशिंगे, झुली, घुंगरांचा आवाज. अण्णाजींची जोडी आली आणि आपल्या जागी, एक जोडी मागे, थांबली. आज कासरा गड्याच्या हाती नव्हता. अण्णाजींनी स्वतः धरला होता. बैल नेहमीप्रमाणे पुढे ओढू लागले. त्यांनी टाचा रोवल्या आणि मोठ्याने म्हणाले, “थांबा रे. तानबा मडावी पुढं आहे.”

मागच्याने ते आपल्या बैलांना सांगितले. त्याच्या मागच्यानेही. नाव रांगेतून मागे मागे सरकत आमच्यापर्यंत आले. बाबांनी आमच्या हरण्या बैलाच्या मानेवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हटले. बैलालाच सांगायचे असते तसे.

झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाली, तोरण तुटले. दरवर्षी अण्णाजींची जोडी आधी देवळाकडे जाते आणि तिथून वाड्यावर. आज ती नदीकडे वळली. मी धावत पुढे गेले, कारण कोणीतरी कौशल्याबाईंना कळवायला हवे होते. त्या ताट घेऊन दारातच होत्या. त्यांना कळवावे लागले नाही. घुंगरे ऐकू येत होती.

त्यांनी बैलांचे पाय धुतले. पाणी जास्त वापरले गेले, कारण एकदा धुऊन त्यांचे समाधान होईना. पुरणाचा घास दिला. मग पदराची गाठ सोडून बोजारा काढला. बैल घेऊन येणाऱ्या गड्याला घरधनीण देते तो. दहाची नोट. अण्णाजी पाटलांनी टोपी नीट केली, दोन्ही हात पुढे केले आणि ती घेतली.

“येत जा दरसाली,” कौशल्याबाई म्हणाल्या.

“येतो,” अण्णाजी म्हणाले.

२३ ऑगस्ट, शनिवार

ग्रामपंचायतीला वही सुपूर्द करण्यापूर्वी एक रकाना भरायचा राहिला होता. रेघ मारलेले नाव मी नव्या ओळीवर, स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिले.

नाव: तानबा मडावी. सेवेचा काळ: मोठ्या लढाईपासून. पुरावा: पोळ्याची पहिली जागा, दरवर्षी मोकळी सोडलेली. तपासणारे: सारे गाव.